विसाला जनक नाही

कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४. म्हणजे २१ ही २४ ची जनक. देवळालीच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी उलटा प्रश्न विचारला: जिला जनकच नाही अशी संख्या कुठली? अशा संख्यांना त्यांनी स्वयंभू म्हटलं. माझ्या मते गणितात इतकं नेमकं नाव क्वचितच पडलं असेल.

मी या संख्या हातानेच शोधतो. संगणक क्षणात लाखभर काढून देईल, पण वहीत दहा-दहाच्या ओळी मांडल्या की २० स्वयंभू का, ते डोळ्यांना दिसतं. १ ते ९ पासून २, ४, ६ असं करत १८ पर्यंतच्या सम संख्या निघतात. १० ते १९ पासून निघतात त्या सगळ्या विषम. २० पासून पुन्हा सम, पण सुरुवातच २२ ने. मधल्या फटीत २० राहून जातो. विषमांच्या अशाच फटीत ३१, मग ४२, ५३.

अकरा-अकराची ही चाल १०८ पर्यंत टिकली, तेव्हा मी नियम म्हणून वहीत लिहूनही टाकली. पुढे ११९ यायला हवी होती, पण तिला १०९ हा जनक निघाला आणि स्वयंभू ठरली ११०. नव्वदची ओळ विषम, शंभरचीही विषमच. म्हणून समांची फट रुंदावते आणि १०८, ११० दोन्ही तिच्यात मावतात. खोडलेला तो नियम वहीत तसाच आहे.

हा सगळा दहाच्या पायाचा योगायोग, असं बरेच जण म्हणतात. मलाही ते पटलं होतं. तीनच्या पायात तर यातलं काहीच उरत नाही: तिथे संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज दोन्ही सम किंवा दोन्ही विषम, म्हणून मिळवणी नेहमी समच, आणि प्रत्येक विषम संख्या स्वयंभू. मग एका रात्री चारचा पाया घेतला. १, ३, ८, १३, १८, २० आल्या. पाच-पाचची चाल, शेवटी मोडलेली. त्या चारच्या पायातच लिहून पाहिल्या: १, ३, २०, ३१, १०२, ११०.

तिथेही २०. तिथेही ११०. पहाटेपर्यंत सहाच्या पायाची ओळही मांडून झाली. तीही ११० वरच मोडली.