सलग आणि पुन्हा पुन्हा

चित्रपट किंवा मालिका पाहून झाल्यावर प्रेक्षकाचे मत बहुधा कथेवरून आणि अभिनयावरून ठरते. परंतु २०२५ मध्ये पाहिलेल्या काही कलाकृतींनंतर एका नित्य प्रेक्षकाची अशी धारणा झाली आहे की, दिग्दर्शक वेळ कसा हाताळतो यावर कलाकृतीचा खरेपणा अधिक अवलंबून असतो. येथे वेळ म्हणजे कलाकृतीची एकूण लांबी नव्हे. एखादा प्रसंग प्रत्यक्षात घडायला जितका काळ लागेल आणि पडद्यावर तो जितका काळ दिसतो, त्या दोहोंचे प्रमाण येथे अभिप्रेत आहे. हे प्रमाण संकलनात, म्हणजे चित्रित तुकड्यांची निवड आणि जोडणी करताना ठरते, आणि कंटाळवाणे, अवघड वा लाजिरवाणे क्षण तेथे सर्वांत आधी गळतात.

जयंत दिगंबर सोमलकर यांच्या ‘स्थळ’ या चित्रपटात नेमके हेच क्षण राखून ठेवलेले आहेत. टोरांटोच्या महोत्सवात २०२३ मध्ये ‘नेटपॅक’ हा आशियाई चित्रपटांसाठीचा पुरस्कार मिळवलेला हा चित्रपट मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत आला. विदर्भातील एका खेड्यात कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी सविता समाजशास्त्र शिकते, स्पर्धा परीक्षेची तयारी करते, आणि तिला पाहायला पाहुणे येत राहतात. नाव, शिक्षण, उंची, आवड. प्रश्न तेच, उत्तरे तीच, नकारही बहुधा तसाच. आरंभीचा प्रसंग उलटा मांडलेला आहे, त्यात बायका बसून मुलाला प्रश्न विचारतात, आणि या प्रेक्षकासोबत बसलेले सारे चित्रपटगृह तेव्हा मोकळेपणाने हसले. सविता पहिल्यांदा पाहुण्यांसमोर बसली तेव्हाही थोडे हसू आले. पुढच्या पाहुण्यांच्या वेळी ते विरले, आणि त्यानंतर मात्र लोक खुर्चीत नुसतेच चुळबुळत राहिले.

हा बदल कशामुळे घडतो, हे विचार करण्याजोगे आहे. पाहण्याचे कार्यक्रम या प्रेक्षकाने नात्यागोत्यात अनेकदा पाहिलेले आहेत, परंतु तेथे एका स्थळापासून दुसऱ्या स्थळापर्यंत काही महिने जातात, माणसे बदलतात, मधल्या काळात सणवार येऊन जातात, आणि त्यामुळे प्रत्येक वेळ निराळी भासते. सोमलकर प्रसंगाला कात्री लावत नाहीत. ते मधले महिने कमी करतात. प्रसंग एकमेकांलगत आले की अपमानाची ठरून गेलेली पद्धत उघडी पडते. कापसाचा भाव आणि मुलीचे लग्न एकाच हिशेबात धरावे लागणाऱ्या बापाची कोंडीही त्यामुळेच समजते, आणि त्याला खलनायक न करणे ही या चित्रपटाची थोरवी आहे. सविता साकारणाऱ्या नंदिनी चिकटे यांचा चेहरा दर वेळी थोडासा बदललेला असतो. पुनरुक्तीला अर्थ येतो तो या फरकामुळे. दूरचित्रवाणीच्या दैनंदिन मालिकांतही पुनरुक्ती असते, एकाच वाक्यावर घरातील प्रत्येकाचा चेहरा संगीताच्या ठेक्यासह दाखवला जातो, परंतु त्या चेहऱ्यांवर नवे काहीच उमटत नाही, आणि प्रेक्षकाची संध्याकाळ मात्र खर्ची पडते.

पुनरुक्तीऐवजी स्तब्धतेतून वेळ राखणाऱ्या, रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटामध्ये वडिलांच्या निधनानंतर गावी आलेल्या आनंदचे सुतकाचे दहा दिवस आहेत. सनडान्स महोत्सवाच्या जागतिक कथाचित्रपट विभागात परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळवणाऱ्या या चित्रपटात कॅमेरा बहुतेक वेळ स्थिर राहतो, पार्श्वसंगीत नाही, आणि आनंद व बाळ्या यांच्यातील प्रेम त्या स्तब्धतेत सहज वाढते. ही स्तब्धता अखंड राहावी म्हणून हा चित्रपट चित्रपटगृहाच्या अंधारातच पाहावा, असे या प्रेक्षकाचे आग्रहाचे मत आहे.

२०२५ च्याच ‘अ‍ॅडोलेसन्स’ या चार भागांच्या ब्रिटिश मालिकेने ‘स्थळ’च्या नेमका उलट मार्ग घेतला. तिचा प्रत्येक भाग एका टेकमध्ये, म्हणजे कॅमेरा एकदा सुरू झाल्यावर भाग संपेपर्यंत न थांबवता चित्रित केलेला आहे. वर्गातील मुलीच्या खुनाच्या आरोपावरून तेरा वर्षांच्या जेमीला अटक होते, आणि तिसऱ्या भागात एक मानसशास्त्रज्ञ त्याच्याशी बोलते. जेमी साकारणारा ओवेन कूपर क्षणात लाघवी होतो, क्षणात अंगावर धावून जातो. मानसशास्त्रज्ञ खोलीबाहेर पडते तेव्हा कॅमेराही तिच्यासोबत बाहेर पडतो, आणि आत तो काय करत असेल या शंकेने प्रेक्षकही तिच्याइतकाच अस्वस्थ होतो. शेवटी ती एकटी उरून स्वतःला सावरते, तेही पूर्ण दिसते. घरी पाहताना दारावरची घंटा, फोन, कुकरच्या शिट्ट्या यांनी हे अखंडत्व सहज मोडते. म्हणून या प्रेक्षकाने हा भाग रात्री, घर निजल्यावर, पुन्हा सलग पाहिला, आणि पहिल्या खेपेला निसटलेली भीती तेव्हा जाणवली.

दुसरा भाग मात्र उणा वाटतो. शाळेच्या व्हरांड्यांतून पात्रांना केवळ कॅमेऱ्याच्या सोयीसाठी चालावे लागते, काही गाठीभेटी योजून घडवल्यासारख्या भासतात, आणि अखेरीस कॅमेरा आकाशात जातो तेव्हा मुलांच्या समूहस्वरातील गाणे जी भावना आपसूक आली असती ती लादू पाहते. चौथ्या भागात, वडिलांच्या पन्नासाव्या वाढदिवशी, त्यांच्या गाडीवर कोणीतरी शिवी रंगवून ठेवते आणि ती पुसण्यासाठी साहित्य आणायला सारे कुटुंब त्याच गाडीतून दुकानात जाते. वाटेत आईवडील जुन्या, सुखाच्या आठवणी काढतात, हसतातही. गुन्ह्याच्या कथेत हा प्रवास अनेक दिग्दर्शकांनी गाळला असता. तो येथे पूर्ण आहे, आणि त्यामुळे हा भाग तिसऱ्याच्या खालोखाल श्रेष्ठ ठरतो.