बेसची जमीन, पॅक्स्टनची केळी

शेफील्ड

प्रिय कुंदा,

वाटणीचं एकदाचं मिटलं हे वाचून हायसं वाटलं. पण तेवढ्याशा मळ्याच्या सातबाऱ्यावर आता पाच नावं लागणार, हेही तू त्याच ओळीत लिहिलंयस आणि ते काही मनातून जाईना. इंग्रज सरदारांच्या जमिनी शेकडो वर्षं एकसंध कशा राहतात, त्यांना भाऊबहिणी नसतात का, असं तू विचारलंस. असतात ग, पुष्कळ असतात. माझ्या घरापासून बसनं तासाभरावर चॅट्सवर्थ आहे, कॅव्हेंडिश घराण्याचा वाडा. हे लोक डेव्हनशरचे ड्यूक म्हणवतात, पण मुळं सगळी इथे डर्बीशरात. त्यांचीच हकीकत सांगते, म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळेल. आणि तुझ्या केळीच्या बागेशीही त्यांचं नातं आहे, ते पुढे येईलच.

या घराण्याचा पाया एका बाईनं घातला. बेस ऑफ हार्डविक. १५२७ च्या सुमाराचा तिचा जन्म, बेताच्या ऐपतीचं घर. वडील ती तान्ही असतानाच गेले. वारस अज्ञान असला की तो मोठा होईपर्यंत जमिनीचं उत्पन्न राजाच्या खात्याकडे जाई, तसं त्यांच्याही घरी झालं. मग कोवळ्या वयात लग्न झालं आणि तो नवराही लवकरच गेला. विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा मिळायचा, पण तो तिला सुखासुखी कुणी देईना, तेव्हा पोरवयात ती कोर्टाची पायरी चढली. जमीन कागदावर कशी टिकते आणि कागदावरच कशी जाते, हे तिला विशीच्या आत कळलं होतं. माझ्या मते पुढचं सगळं यातूनच आलं.

दुसरा नवरा सर विल्यम कॅव्हेंडिश. आठव्या हेन्रीनं मठ बरखास्त केले तेव्हा त्यांच्या जमिनींचा हिशेब करणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी हा एक, त्यामुळे मठांच्या बऱ्याच जमिनी त्याच्याही पदरात आल्या होत्या. लग्न १५४७ साली, रात्री दोन वाजता लागलं. वेळ त्यानं स्वतःच वहीत टिपून ठेवलीय. या नवऱ्याला बेसनं दक्षिणेकडच्या जमिनी काढून आपल्या माहेरच्या मुलखात घ्यायला लावल्या. १५४९ मध्ये ६०० पौंडांना चॅट्सवर्थ घेतलं. आठ मुलं झाली, सहा जगली. तो गेला, मग तिसरा नवरा, तोही गेला. चौथा श्रूसबरीचा अर्ल, देशातल्या बड्या धनिकांतला. त्या वेळी हिनं आपल्या दोन मुलांची लग्नं त्याच्या दोन मुलांशी लावून टाकली, म्हणजे दोन्हीकडची इस्टेट घरातच! स्कॉटलंडची राणी मेरी या अर्लच्या नजरकैदेत होती आणि तिला कितीदा तरी चॅट्सवर्थला आणून ठेवलं होतं. पहारेकऱ्याची बायको आणि कैदी राणी बसून भरतकाम करायच्या. ते काम आजही शाबूत आहे.

पुढे नवरा-बायकोचं फाटलं. ती आपल्या हार्डविकला परतली आणि १५९० मध्ये, साठी उलटल्यावर, नवा वाडा बांधायला घेतला. सात वर्षांत उभा राहिला. काच तेव्हा महागाची चीज, आणि इथे भिंतीपेक्षा खिडक्याच जास्त. सहा बुरूज, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर दगडात कोरलेली तिच्या नावाची आद्याक्षरं. वरच्या लांब दालनात गिडियनच्या कथेचे तेरा प्रचंड विणीव पडदे आहेत. ते तिनं हॅटन नावाच्या सरदाराच्या वारसाकडून ३२६ पौंडांना घेतले, आणि त्यावर हॅटनची कुलचिन्हं होती म्हणून ५ पौंड कमी करून घेतले. मग त्या चिन्हांवर आपली चिन्हं रंगवलेले कापडाचे तुकडे शिवून टाकले. ते पडदे धुऊन, सांधून पूर्ववत करायला २४ वर्षं लागली, २०२३ मध्ये काम पुरं झालं. मी खाली उभी राहून ते तुकडे डोळे ताणून शोधले. एवढी गडगंज बाई, पण ५ पौंड सोडले नाहीत. मला ती फार आवडते, कुंदा.

आता तुझा प्रश्न. इंग्लंडात मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्या मुलाला, हा कायदा थेट १९२५ पर्यंत होता. पण बड्या घराण्यांना तेवढ्यानं भागत नव्हतं, कारण थोरलाच उधळ्या निघाला तर? म्हणून वकिलांनी एक तजवीज बसवली. मुलगा सज्ञान झाला किंवा बोहल्यावर चढायला निघाला की बाप त्याच्याकडून करारावर सही घेई. जमीन त्याला हयातीपुरती, उत्पन्न खावं, विकायचं नाही, पुढे त्याच्या थोरल्याला. धाकट्यांना नेमणूक, मुलींना हुंड्याची रक्कम, जमीन नाही. पिढ्यान्‌पिढ्या हेच. आपल्याकडे सगळ्या भावांचा हक्क म्हणून वतनांचे तुकडे होत गेले; इथे एकाला सगळं म्हणून तुकडा पडला नाही. पण त्याची किंमत दर पिढीत धाकट्यांनी आणि मुलींनी मोजली, आणि ज्या घराचा पाया बाईनं घातला त्याच घरातल्या मुलींना जमिनीतून वगळलं गेलं. हे मला खरोखर लागतं. तुझ्या सातबाऱ्यावरच्या पाच नावांत तुझं नाव आहे, हे विसरू नकोस.

खुद्द बेसच्या वेळी मात्र नियम वाकला. थोरला हेन्री तिला नकोसा होता. चॅट्सवर्थ करारानं त्याच्याकडे गेलं, पण १६०८ मध्ये ती गेल्यावर लवकरच त्यानं ते धाकट्या विल्यमला विकलं. त्या विल्यमचे वंशज म्हणजे हे ड्यूक. १६९४ मध्ये ड्यूकपद आलं, मग लग्नांतून आणखी जमिनी. १७४८ मध्ये शार्लट बॉइल सून म्हणून आली ती आयर्लंडातला लिस्मोर किल्ला आणि यॉर्कशरातलं बोल्टन अ‍ॅबी घेऊनच. मधल्या ड्यूकांचं राजकारण मी सोडून देते. एवढंच सांगते की आठवे ड्यूक त्या पदावर येण्याआधी लॉर्ड हार्टिंग्टन म्हणून १८८० ते १८८२ हिंदुस्थानचे मंत्री होते.

मला रस आहे तो सहाव्या ड्यूकमध्ये, त्याहून त्याच्या माळ्यामध्ये. १८११ मध्ये या अविवाहित ड्यूकच्या हाती सुमारे २ लाख एकर जमीन आली. १८२६ मध्ये त्यानं जोसेफ पॅक्स्टन नावाच्या २२-२३ वर्षांच्या पोराला बागेचा मुख्य नेमलं. पॅक्स्टन पहाटे साडेचारला पोचला. फाटकं बंद, म्हणून भिंत चढून आत गेला, सगळी बाग पायी पाहिली, सहाला माणसं कामाला लावली आणि नाश्त्याला घरव्यवस्थापक बाईंकडे गेला. तिथे त्यांची भाची सारा भेटली, तिच्याशीच पुढे लग्न केलं. ही हकीकत त्यानं स्वतः सांगितलेली आहे. पुढे लंडनचा क्रिस्टल पॅलेस बांधला तोही यानंच.

मॉरिशसहून इंग्लंडात आलेलं केळीचं एक बुटकं वाण पॅक्स्टननं मिळवलं आणि चॅट्सवर्थच्या काचघरात वाढवलं. १८३५ च्या नोव्हेंबरात केळ निसवली, आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत घडाला शंभरावर केळी लागली. डर्बीशरच्या थंडीत! ड्यूकच्या आडनावावरून वाणाला नाव मिळालं कॅव्हेंडिश. जॉन विल्यम्स नावाच्या मिशनऱ्यानं त्याची रोपं इथूनच पॅसिफिकमधल्या सामोआला नेली. विसाव्या शतकात पनामा मर रोगानं तेव्हाचं बाजारी वाण झोपवलं, तेव्हा जगाचा व्यापार कॅव्हेंडिश गटानं सावरला. तुमची जुनी बसराई ती हीच बुटकी कॅव्हेंडिश, आणि आताची टिश्यू कल्चरची ग्रँड नैन त्याच गटातली. बसराई खानदेशात चॅट्सवर्थहून आली असं मी म्हणत नाही, जात एकच एवढंच. १८३५ मध्येच ड्यूकनं जॉन गिब्सन या आपल्या माळ्याला कलकत्त्याला धाडलं होतं. खासी टेकड्यांतली ऑर्किडं आणि ब्रह्मदेशाकडचा वृक्ष अ‍ॅमहर्स्टिया घेऊन तो परतला.

पण याच ड्यूकनं वाड्यासमोरचं एडेन्सर गाव नव्यानं वसवलं, पॅक्स्टनच्या देखरेखीखाली. घरं देखणी, एकासारखं दुसरं नाही. गावकऱ्यांना पक्की घरं मिळाली हे खरं, पण गाव कुठे असावं हे त्यांना कुणी विचारलं नाही. त्या वळणदार रस्त्यावरून जाताना मला हे दरवेळी जाणवतं.

एवढी काळजी घेऊन जपलेली जमीन शेवटी मृत्युकरानं फोडली. दहाव्या ड्यूकचा थोरला मुलगा बिली १९४४ मध्ये बेल्जियममध्ये लढताना पडला; चारच महिन्यांपूर्वी त्याचं लग्न केनेडींच्या कॅथलीनशी झालं होतं. धाकटा अँड्र्यू वारस झाला. दहाव्या ड्यूकनं १९४६ मध्ये इस्टेट त्याच्या नावे केली, कारण देणारा पाच वर्षं जगला तर कर लागत नसे. १९५० च्या नोव्हेंबरात, मुदतीला तीनेक महिने उरले असताना, लाकडं फोडताना ड्यूक गेले. वय ५५. कर ८० टक्के.

हजारो एकर गेले. होल्बाइननं काढलेलं आठव्या हेन्रीचं चित्र गेलं, मेमलिंगचं गेलं. आणि बेसचं हार्डविक करापोटी सरकारला द्यावं लागलं, ते १९५९ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे आलं. मला तिथे साधं तिकीट काढून जाता येतं ते त्यामुळेच. घराण्याचं ते दुःख मला समजतं, तरी हे झालं ते बरंच झालं असं मी स्वच्छ म्हणते.

चॅट्सवर्थ वाचवलं ते मात्र पुन्हा एका सुनेनं, अँड्र्यूच्या डेबोरानं. युद्धात मुलींच्या शाळेला दिलेला, सामान झाकून ठेवलेला तो वाडा तिनं खोली-खोली करून लावला. १९७७ मध्ये कुळांच्या आणि इस्टेटीच्या मालासाठी शेतमालाचं दुकान काढलं, आणि ते उत्तम चालतं. १९८१ मध्ये पूसँचं एक चित्र वगैरे विकून न्यास उभा केला. वाडा आणि बाग आता न्यासाच्या ताब्यात, आणि घराणं तिथे भाडं भरून राहतं.

बसराई कुणाच्या बांधाला उरलीय का, ते विचारून कळव. आणि वाटणीच्या कागदांवर सही करण्याआधी गट नंबर नीट ताडून बघ, पोटहिस्स्याच्या नकाशासकट.

तुझी,
वसू