अर्ध्या लिऱ्याचा सम्राट

आजोबांच्या लष्करी ट्रंकेत गंजलेल्या बकलांमध्ये एकच नाणं लख्ख निघालं. घरात त्याला सगळे ‘आफ्रिकेतला पैसा’ म्हणत. आजोबा मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धावरून परतले आणि त्याबद्दल फारसं कधी बोलले नाहीत. नाण्याला कुठला तरी पत्ता हवा, म्हणून आजीनंच आफ्रिका दिली असावी.

नाणं मात्र बोलकं. एका बाजूला मिशाळ राजा, भोवती रोमन अक्षरांत त्याचं नाव: तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल, राजा आणि सम्राट. दुसरीकडे गरुड, आणि कुऱ्हाडीभोवती बांधलेली काठ्यांची जुडी, म्हणजे फासिस्टांची खूण. किंमत ५० सेंटेसिमी, अर्धा लिरा. साल १९४१, शेजारी रोमन आकड्यांत १९. हा मुसोलिनीचा शक, १९२२ च्या ऑक्टोबरात त्याचे लोक रोमवर चालून गेले तेव्हापासून मोजलेला. शककर्ता व्हायची हौस दांडगी. एकविसाव्या वर्षी ह्याच राजानं त्याला अटक करवली.

चुंबक लावला तर नाणं चटकन चिकटलं. आधी ही नाणी निकेलची असत. निकेल युद्धसामग्रीला हवं झालं तेव्हा, १९३९ पासून, टाकसाळीनं क्रोमियम मिसळलेलं पोलाद घेतलं. गंज चढला नाही तो त्यामुळे. आपल्याकडेही त्याच युद्धात तांब्याच्या पैशाला मधोमध भोक पडलं. राजे वेगळे, ओढाताण एकच.

माझा डोळा अडतो तो त्या ‘सम्राट’वर. १९३६ साली इथिओपिया जिंकून राजानं ते बिरुद लावलं. १९४१ च्या मार्चमध्ये इरिट्रियातल्या केरनच्या डोंगरांत मराठा पलटणी इटालियन फौजेशी झुंजत होत्या. २७ तारखेला केरन पडलं, ५ मे रोजी इथिओपियाचा सम्राट हायले सेलासी आपल्या राजधानीत, आदिस अबाबात, परतला. साम्राज्य हातचं गेलं त्याच वर्षी रोमची टाकसाळ पोलादावर सम्राट ठोकत बसली होती.

पण हेच साल आजीच्या पत्त्याच्या आड येतं. त्याच वर्षाचं नाणं मार्चमध्येच केरनच्या डोंगरात पोचलं असेल, हे पटायला जड जातं. मराठा पलटणी पुढे खुद्द इटलीतही लढल्या. १९४४ च्या जुलैत टायबरच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजोबांना हे नाणं तिकडेच कुठल्या तरी दुकानात परत मिळालं असावं. लुटीतलं नव्हे, सुट्ट्या पैशांतलं.

आत्याला हा निकाल मान्य नाही. “सुट्टे पैसे कुणी जन्मभर जपतं का रे?” ती विचारते. आजोबांनी आपली पदकं आम्हा नातवंडांना खेळायला देऊन टाकली होती, हेही तिनंच मला सांगितलेलं.