गोल एकाचा, वाट अनेकांची

खेळातील आकडा ही बहुधा एका क्षणाची नोंद असते. गोल कोणी केला, कोणाविरुद्ध केला, कितव्या मिनिटाला केला, एवढे तो सांगतो आणि थांबतो. चेंडू त्या पायापर्यंत किती वर्षांनी आणि कोणाकोणाच्या श्रमांनी पोहोचला, हे त्याला ठाऊक नसते. ज्यांच्या घरात वाढती मुले आहेत त्यांनी मात्र आकड्याच्या मागे जाऊन पाहावे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. आणि त्याला कारण आमच्या घरातील एक वही आहे.

केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त मी दिल्लीस आलो, त्याला चार दशके होऊन गेली. रामकृष्णपुरमच्या सरकारी वसाहतीत मुले वाढली. निवृत्तीनंतर आम्ही उभयता नोएडास मुलाकडे राहावयास आलो. नात नववीत आहे. शाळेच्या फुटबॉल संघात ती डाव्या बगलेवर खेळते, आणि परदेशांतील साखळी स्पर्धांत आशियाच्या खेळाडूंनी किती गोल केले याची नोंद एका वहीत ठेवते. जर्मनीच्या पानावर आरंभीच दोन कोरियन नावे आहेत: चा बुम-कुन, ९८ गोल, सोन ह्युंग-मिन, ४१ गोल. "आजोबा, या पानावर आपल्याकडचं कुणीच कसं नाही?" असे तिने एके दिवशी मला विचारले. त्याच आठवड्यात सूनबाईंनीही एक प्रश्न माझ्यापुढे ठेवला. "बाबा, पुढच्या वर्षी तिची दहावी. मैदान आता थांबवावं का?" हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, हे त्या पानाचा मागोवा घेता घेता माझ्या ध्यानात येत गेले.

जर्मनीतील पहिल्या दर्जाच्या फुटबॉल स्पर्धेला 'बुंडेसलिगा' म्हणतात. ती १९६३ साली सुरू झाली. आज तीत अठरा संघ असून प्रत्येक संघाला एका हंगामात ३४ सामने खेळावे लागतात. चा बुम-कुन हा तेथे १९७८ च्या डिसेंबरात प्रथम उतरला, तो डार्मस्टाटच्या संघाकडून. पण एकच सामना खेळून त्याला मायदेशी परतावे लागले, कारण त्याची सक्तीची लष्करी सेवा पुरी झालेली नव्हती. ती पुरी करून तो १९७९ मध्ये पुन्हा गेला. फ्रँकफुर्टच्या संघाकडून त्याने १२२ सामन्यांत ४६ गोल केले, आणि १९८३ पासून १९८९ पर्यंत लेव्हरकुसेनकडून १८५ सामन्यांत ५२. एकूण सामने ३०८, गोल ९८. आणि त्यांत पेनल्टीवर मिळालेला गोल एकही नाही. १९८० मध्ये एका सामन्यात त्याच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. त्याच हंगामाच्या अखेरीस, १९८१ च्या जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात, त्याने फ्रँकफुर्टसाठी गोल केला. १९८८ मध्ये युरोपीय चषकाच्या अंतिम फेरीचा पहिला सामना लेव्हरकुसेनने तीन गोलांनी गमावला होता; दुसऱ्या सामन्यात ती तूट भरून काढणारा तिसरा गोल चाचाच होता, आणि चषक लेव्हरकुसेनला मिळाला.

चा गेला तेव्हा तो देश कोरियन माणसांना अगदीच परका राहिलेला नव्हता. १९६३ पासून कोरियाचे खाणकामगार, आणि पुढे परिचारिका, हजारोंच्या संख्येने पश्चिम जर्मनीत कामासाठी गेल्या होत्या. खाणीत उतरणाऱ्या आणि रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या त्या लोकांनी घरी पैसे पाठविले, त्याबरोबरच 'कोरियन माणूस कष्टाळू असतो' ही ओळखही तेथे रुजविली. मैदानावरील यशाला अशी न दिसणारी भूमी असते.

सोन ह्युंग-मिनची कथा पुढच्या पिढीची आहे. त्याचे वडील स्वतः फुटबॉलपटू होते. मुलाला त्यांनीच शिकविले, आणि त्यांचा क्रम मला मोठा बोधप्रद वाटला. प्रथम चेंडूवर ताबा. पायावर चेंडू न पाडता तासन् तास खेळविणे. गोलवर जोराचे फटके मारणे पुष्कळ उशिरा. २००८ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, कोरियाच्या फुटबॉल महासंघाने त्याला हाम्बुर्गला शिकावयास पाठविले. ३० ऑक्टोबर २०१० रोजी, अठरा वर्षांचा असताना, त्याने बुंडेसलिगातील पहिला गोल केला. हाम्बुर्गकडून २० आणि पुढे लेव्हरकुसेनकडून २१ असे ४१ गोल १३५ सामन्यांत करून तो २०१५ मध्ये इंग्लंडला गेला. चा पंचविशी गाठल्यावर वाट काढीत गेला. सोनला ती वाट मळलेली मिळाली, आणि तिच्या तोंडाशी आणून सोडणारी एक संस्था व एक घर त्याच्या मागे होते.

मग आमच्या नातीच्या प्रश्नाचे काय? तिला वाटत होते की कोरियन लोक फुटबॉलमध्ये मुळातच आपल्यापुढे असावेत. इतिहास तसे सांगत नाही. १९५१ च्या मार्चमध्ये पहिले आशियाई क्रीडासामने याच दिल्लीत भरले. नॅशनल स्टेडियमवर भारताने इराणचा १-० असा पराभव करून फुटबॉलचे सुवर्णपदक मिळविले. गोल मेवालाल यांचा. कोरिया त्या सामन्यांना येऊही शकला नव्हता, कारण त्या देशात युद्ध पेटलेले होते. युद्धविरामानंतर वर्षभरातच, १९५४ मध्ये, दक्षिण कोरियाचा संघ विश्वचषकासाठी स्वित्झर्लंडला गेला, तेथे हंगेरीने त्याच्यावर नऊ आणि तुर्कस्तानने सात गोल चढविले. आणि ४ सप्टेंबर १९६२ रोजी जकार्ता येथे आशियाई सामन्यांच्या अंतिम लढतीत भारताने त्याच दक्षिण कोरियाला २-१ असे नमविले. गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांचे. जर्नेलसिंग डोक्याला टाके पडलेले असताना खेळले होते. मार्गदर्शक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. हे सारे मी नातीला सांगितले तेव्हा तिने डोळे विस्फारले आणि वहीत एक नवे पान उघडले.

दिल्लीपुरते बोलावयाचे तर येथील मातीने एक मोठा गोलकर्ता घडविला आहे. सुनील छेत्री हा सैनिकाचा मुलगा. वडील लष्कराच्या संघातून खेळत. आई आणि मावशी नेपाळच्या महिला संघाकडून. दिल्लीच्या लष्करी वसाहतीच्या अंगणात त्याचा खेळ वाढला, आणि २००१ च्या सुमारास येथील सिटी क्लबमधून तो पुढे आला. १३ ऑगस्ट २००८ रोजी दिल्ली दरवाज्याजवळच्या आंबेडकर स्टेडियमवर भारत आणि ताजिकिस्तान यांची चॅलेंज चषकाची अंतिम लढत झाली. मी त्या दिवशी कार्यालयातून रजा काढून मुलाबरोबर गेलो होतो. भारताच्या चार गोलांपैकी तीन छेत्रीचे होते. सामना ४-१ असा जिंकल्यामुळे १९८४ नंतर प्रथमच आशियाई चषकाचे दार आपल्याला उघडले. आजूबाजूची अनोळखी माणसे त्या संध्याकाळी एकमेकांस मिठ्या मारीत होती.

त्या दारातून भारत दोह्याला गेला, आणि तेथे १८ जानेवारी २०११ रोजी समोर आला दक्षिण कोरिया. जकार्त्याला अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती. कोरियाने सामना ४-१ असा जिंकला. भारताचा एकमेव गोल छेत्रीचा, पेनल्टीवर. कोरियाचे गोल कोणाचे, हे पाहण्यासारखे आहे. दोन जी दोंग-वोनचे, एक कू जा-चोलचा, आणि अखेरचा अठरा वर्षांच्या सोन ह्युंग-मिनचा. राष्ट्रीय संघासाठी त्याचा तो पहिलाच गोल. सोन तेव्हा हाम्बुर्गकडून खेळतच होता, कू त्याच महिन्यात वोल्फ्सबुर्गकडे गेला, आणि जीही पुढे आउग्सबुर्गकडून खेळला. म्हणजे भारतावर गोल करणारे तिघेही बुंडेसलिगाच्या वाटेवरचे होते. आपला छेत्री त्याच मैदानावर त्यांच्यासमोर उभा होता. त्याच्या पायात कसब होते, वाट मात्र नव्हती.

वाट नसणे म्हणजे काय, याचा पुरावा त्याच्याच आयुष्यात आहे. २००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स या क्लबने त्याच्याशी करार केला होता. पण इंग्लंडमध्ये काम करण्याचा परवाना त्याला मिळाला नाही, कारण जागतिक क्रमवारीत भारत पहिल्या ७० देशांत नव्हता. २०१० मध्ये तो अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या संघात आणि २०१२ मध्ये लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबच्या दुसऱ्या संघात गेला, परंतु दोन्ही ठिकाणी त्याला फारशी संधी लाभली नाही. देशासाठी मात्र तो गोल करीत राहिला. १९ मार्च २०२५ रोजी मालदीवविरुद्ध त्याने ९५ वा गोल केला. एका माणसाचे कर्तृत्व कितीही मोठे असले, तरी सीमेवरच्या कचेरीत त्याच्यामागे त्याच्या देशातील सारी मैदाने, साऱ्या शाळा आणि सारी घरे उभी राहतात, आणि त्यांचीही मोजदाद होते. नातीच्या वहीतील कोऱ्या ओळीचे उत्तर मला येथे सापडले.

दक्षिण कोरियात व्यावसायिक साखळी स्पर्धा १९८३ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे राष्ट्रीय स्वरूपाची साखळी १९९६ मध्ये. चाने मायदेशी परतल्यावर मुलांसाठी फुटबॉलचे वर्ग काढले. म्हणजे ९८ ही संख्या त्याच्याबरोबर निवृत्त झाली नाही. ती मुलांच्या पायांत वाटली गेली. गोल एकाच्या नावावर लागतो, पण वाट अशीच अनेकांच्या पायांनी पडते.

मुलींच्या खेळात तर आपली वाट आताच कोठे उमटू लागली आहे. दिल्लीत वाढलेली गोलरक्षक अदिती चौहान २०१५ मध्ये इंग्लंडच्या वेस्ट हॅम क्लबच्या महिला संघातून खेळली. मणिपूरची बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबकडे गेली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिने तेथील पहिल्या दर्जाच्या स्पर्धेत गोल केला. संख्येने तो एकच गोल. पण आधी कोणीच नव्हते तेथे एक नाव आले. कोरियाच्या पानावरही १९७८ च्या डिसेंबरात एक सामना आणि शून्य गोल एवढीच नोंद होती.

हे सर्व मी एका रात्री जेवणानंतर मुलाला आणि सूनबाईंना सांगितले. सूनबाईंची चिंता खोटी नव्हती. दहावी महत्त्वाची आहे, आणि आमची नात परदेशी खेळेल असे मानण्याचे काहीच कारण नाही. हजारांत एखादीच तेथे पोहोचते. मी एवढेच म्हणालो, की ती एक पोहोचावी म्हणून उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांनी मैदानावर असावे लागते, आणि त्यांना खेळातून जे मिळते, म्हणजे निरोगी शरीर, हरल्यावर पुन्हा उभे राहण्याची सवय, दहाजणींबरोबर मिळून काम करण्याची शिस्त, ते परीक्षेच्या आड येत नाही. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग सूनबाईंनीच तोडगा काढला: आठवड्यातून पाचऐवजी तीन दिवस मैदान, पहाटे, आणि संध्याकाळ अभ्यासाची. नात थोडी कुरकुरली, पण तिने मान्य केले.

तेव्हापासून मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी पहाटे पाच वाजता आमच्या स्वयंपाकघरात दिवा लागतो. सूनबाई दूध तापवितात, मी बुटांवरचा आदल्या दिवशीचा चिखल झटकून ठेवतो, आणि मुलगा तिला मैदानावर सोडून कामावर जातो. या कामांची नोंद कोणत्याही वहीत होणार नाही. ती व्हावी अशी आमचीही अपेक्षा नाही.