केंद्र निवडताना माणूस पाहा, कागदही पाहा

दारू घरात शिरली की आपल्याकडे दोन गोष्टी लपवल्या जातात. पिणारा बाटली लपवतो आणि घरचे पिणाऱ्याला लपवतात. पंचशीलातले पाचवे शील आपण विहारात मोठ्याने म्हणतो, बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. म्हणून बौद्धाच्या घरात दारुडा निघाला तर त्याची लाज दुप्पट वाटते. लाजेपोटी दार बंद होते आणि बंद दाराआड आजार वाढत जातो. शील मोडणाऱ्याला नावे ठेवायला काही खर्च येत नाही. त्याला दवाखान्यापर्यंत नेणे मात्र कष्टाचे काम आहे, आणि करुणा ज्याला म्हणतात ती तिथेच कामाला येते.

मी नांदेडला एका कार्यालयात लिपिक आहे. शिक्षण बी. कॉम. वस्तीतल्या लोकांचे अर्ज लिहून देणे, दाखल्यांसाठी धावपळ करणे हे काम बरीच वर्षे करतो. अलीकडे लोक हळू आवाजात एक वेगळेच विचारतात, "साहेब, दारू सोडवायचं चांगलं केंद्र कोणतं हो?" हा प्रश्न एक दिवस माझ्याच घरात आला. धाकटी बहीण लातूरला असते. दाजी मार्केट यार्डात हमाल. वीस वर्षे पाठीवर पोती वाहिली. आधी थकवा जावा म्हणून संध्याकाळी, मग हात चालावेत म्हणून सकाळी, असे करत दारू दिवसभराची झाली. बहिणीचे मणी-डोरले गेले, बचत गटाचे कर्ज थकले, थोरल्या भाचीने शिकवणी सोडली. एका रात्री बहिणीचा फोन आला, "दादा, ह्यांला कुठंतरी टाका. आता माझ्यानं होत नाही."

'टाका' हा शब्द तिच्या एकटीचा नाही, बहुतेक घरांत हाच शब्द ऐकू येतो. सगळी चूक तिथून सुरू होते. टाकायचेच असेल तर जवळची कोणतीही खोली आणि बाहेरून कडी पुरते. बरे करायचे असेल तर निवड करावी लागते.

पहिली गोष्ट शरीराची. दाजींनी त्याआधी एकदा मनाने दारू बंद केली होती. दुसऱ्या रात्री त्यांना फिट आली. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवले की काही तासांतच थरथर, घाम, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो, नसलेली माणसे दिसतात, ताप चढतो आणि वेळीच उपचार मिळाला नाही तर जीवही जातो. म्हणून अशा माणसासाठी पहिला मुक्काम डॉक्टर असलेला दवाखाना. झटके आवरणारी औषधे, ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने, नाडी व रक्तदाबावर लक्ष, हे सगळे तिथे होते. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. पुष्कळांना वाटते तिथे फक्त वेड्यांना नेतात. तसे नाही.

आपल्या सीमेवरच्या धर्माबाद, बिलोली, देगलूर भागातील वाचकांनी शिंदीबद्दलही हे लक्षात ठेवावे. सप्टेंबर २०१५ मध्ये शेजारच्या तेलंगणात भेसळीच्या शिंदीवर कारवाई झाली. शिंदीत झोपेच्या गोळ्यांची पूड मिसळलेली असे. शिंदी एकाएकी बंद झाल्यावर निजामाबादसह अनेक जिल्ह्यांत माणसे झटके आणि भ्रमाने दवाखान्यात भरती झाली. शिंदी सौम्य असते, ती घरीच सोडवू, असे म्हणणे म्हणूनच धोक्याचे आहे.

दाजींशी मी यार्डाबाहेरच्या टपरीवर बोललो. म्हटले, "दाजी, तुम्हाला कुठं सोडून यायचं नाही. तुम्ही स्वतः चला, मी संगं राहतो." ते आपल्या हातांकडे बघत म्हणाले, "आधी हे हात थांबवा. मग कुठं म्हणाल तिथं येतो." दवाखान्यात आठवडाभरात हात थांबले. शरीरातली दारू गेली, मनातली राहिली होती. त्यासाठी निवासी केंद्र पाहायला मी निघालो.

पहिल्या केंद्राने फोनवरच सांगितले, "तुम्ही फक्त पत्ता द्या, रात्री आमची जीप येईल, चौघं येऊन उचलून नेतील." तीन महिन्यांचे ४५,००० रुपये आगाऊ मागितले आणि तोवर भेट नाही, फोनही नाही असे बजावले. मी प्रत्यक्ष गेलो. भाड्याचा बंगला, खिडक्यांना जाळ्या, एका खोलीत दाटीवाटीने गाद्या. डॉक्टर कधी येतात विचारले तर "लागले की बोलावतो." नोंदणीचा कागद मागितला तर "साहेब, तुम्ही माणूस बरा करायला आलात की ऑडिट करायला?" असे उत्तर मिळाले. मी हात जोडून बाहेर पडलो. हिशेब पाहिल्याशिवाय सही करायची नाही ही माझी नोकरीतली सवय. आपला माणूस तीन महिने ज्यांच्या हाती द्यायचा, त्यांच्याकडे तर एकेक कागद मागावा.

हे मागणे आपला हक्क आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था या कायद्यात धरलेल्या आहेत. अशा रुग्णांना ठेवून घेऊन उपचार करणाऱ्या संस्थेची राज्याच्या प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी आहे. जबरीने काम करून घेता येत नाही, जबरीने डोके भादरता येत नाही. घरच्यांशी बोलण्याचा, भेटण्याचा त्याला अधिकार आहे. जो स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नाही, त्यालाही नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर आणि दोन तज्ज्ञांनी वेगवेगळे तपासल्यावरच दाखल करता येते, आणि तेही प्रथम जास्तीत जास्त तीस दिवसांसाठी. रात्रीची जीप या कायद्यात कुठेच बसत नाही.

चांगले केंद्र कसे असते याचा नमुना महाराष्ट्रात जुना आहे. मुंबई-पुण्याकडे गर्दने तरुण पोरे संपत होती, त्या काळात २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला 'मुक्तांगण' सुरू झाले. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी ते उभे केले, पु. ल. देशपांडे यांनी आर्थिक हात दिला. डॉ. अनिता १९९७ मध्ये गेल्या, अनिल अवचट २०२२ मध्ये, पण काम चालू आहे. मारझोडीऐवजी प्रेम आणि शिस्त, दिवसाचे ठरलेले वेळापत्रक, गटात बोलणे, पत्नी व मुलांशीही बोलणे, आणि व्यसनातून बाहेर आलेल्यांनाच कार्यकर्ते बनवणे ही त्यांची रीत. उपचार साधारण ३५ दिवसांचा. दुसरे कोणतेही केंद्र पाहताना ही फूटपट्टी हाती ठेवावी.

मग पुण्यालाच का नेले नाही? नांदेड-पनवेल गाडी लातूरवरून पुण्याला जाते, जाणे अवघड नव्हते. पण बहिणीची रोजंदारी, मुलींची शाळा, आणि घरी आल्यावर दर पंधरवड्याला दाखवायला जाण्याचा खर्च मी कागदावर मांडला. भरतीचा खर्च एकदाचा असतो, पाठपुराव्याचा वर्षानुवर्षांचा. म्हणून आम्ही जवळचे, नोंदणी असलेले, शासकीय अनुदानावरचे केंद्र धरले. तिथे डॉक्टरांच्या येण्याचे दिवस भिंतीवर लिहिलेले होते, भेटीचा वार ठरलेला होता आणि बहिणीलाही दर आठवड्याला समुपदेशनाला बोलावले. अशा केंद्रांची माहिती १४४४६ या शासनाच्या मोफत दूरध्वनी क्रमांकावर विचारता येते.

एक इशारा भगिनींसाठी. "पिणाऱ्याच्या नकळत जेवणात मिसळा" अशा जाहिरातीची पूड कधीही देऊ नये. दारूशी प्रतिक्रिया होणारे औषध डॉक्टर देतात, पण रुग्णाला सांगून, तपासून देतात. अशा औषधावर माणूस नकळत प्याला तर रक्तदाब कोसळतो, हृदयावर बेतते. विश्वास तर त्याच दिवशी संपतो.

दाजी घरी आले. पाचव्या महिन्यात एका लग्नाच्या वरातीत पुन्हा प्याले. भावकीतले म्हणाले, "पैसे पाण्यात गेले." बहीण मात्र रडत बसली नाही. केंद्रात तिला आधीच समजावले होते की घसरणे या आजारात होतेच, ते झाले की लपवू नका, लगेच कळवा. तिसऱ्या दिवशी ती त्यांना घेऊन दवाखान्यात होती. या वेळी दाजी स्वतः चालत गेले. त्याला आता सव्वा वर्ष होत आहे. यार्डातली पोती अजून वाहतातच, पण संध्याकाळी घरी येतात. थोरलीची शिकवणी पुन्हा सुरू आहे. कर्ज अजून फिटलेले नाही. उद्याची हमी कोणी देत नाही, आणि शंभर टक्के हमी देणाऱ्या केंद्रात तर जाऊच नये.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळतो आणि एकशेऐंशींपैकी एकालाच दाखल होऊन उपचार मिळतो, असे त्यात दिसले. बाकीचे घरातच असतात, लपवलेले. आपल्या वस्तीत, आपल्या विहारापासून चार घरांवर असा एक तरी आहे. त्याच्या घरी जा. नोंदणी आहे का, डॉक्टर कधी येतात, भेट मिळते का, घरच्यांना बोलावतात का, नंतर कोण पाहते, हे पाच प्रश्न त्याच्या बायकोला कागदावर लिहून द्या. आणि ती केंद्र पाहायला निघाली तर तिला एकटी पाठवू नका.