भरती-ओहोटीतली सापसुरळी

एमोइया ॲट्रोकोस्टाटा ही सापसुरळी समुद्राच्या अगदी काठावर राहते. फ्रेंच निसर्गतज्ज्ञ रने लेसाँ याने 1830 मध्ये तिचे वर्णन केले, ते पॅसिफिकमधल्या कोसराए बेटावरच्या नमुन्यावरून. फिलिपिन्स, तैवान, मलेशिया, इंडोनेशिया, न्यू गिनी, ऑस्ट्रेलियाचे उत्तर टोक आणि पॅसिफिकमधली कितीतरी बेटे एवढा तिचा पसारा आहे. कोकणच्या कातळावर मात्र ती नाही.

नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत ती जेमतेम 8-10 सेंटीमीटर भरते. शेपटी त्याहून लांब. पाठ करडी-हिरवट, अंगाच्या दोन्ही बाजूंना काळसर पट्टा. ओल्या खडकावर ती निश्चल बसली, की नजरेला सापडत नाही.

तिचा दिवस समुद्राच्या वेळापत्रकावर चालतो. ओहोटी लागली की ती खाली उतरते आणि कातळातल्या डबक्यांच्या कडेने कीटक, छोटे खेकडे, क्वचित एखादा चिमुकला मासा टिपते. भरती चढू लागली की वर सरकते. खारफुटीतही तिचा वावर असतो. पाठलाग झाला तर बाकीच्या सापसुरळ्या बिळाकडे धावतात, ही सरळ पाण्यात उडी घेते आणि काही वेळ पाण्याखाली दडून राहते. सरपटणाऱ्या प्राण्यांत खाऱ्या पाण्याशी इतकी सलगी करणारे थोडेच. फिलिपिन्समधल्या तिच्या जीवनक्रमाचा एंजेल अल्काला आणि वॉल्टर ब्राउन यांनी केलेला अभ्यास 1967 मध्ये प्रसिद्ध झाला. मादी एका वेळी दोनच अंडी घालते. एवढ्या कमी अंड्यांवर ही जात बेटाबेटांवर पसरली, याचे नवल वाटते. वाहून जाणारी लाकडे तिच्या कामी आली असावीत.

लाटा, ऊन, मीठ, उधाण या सगळ्याला पुरून उरलेली ही सापसुरळी एका बेटावर मात्र हरली. जावाच्या दक्षिणेला ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातले ख्रिसमस बेट आहे. त्याच्या किनाऱ्यावरच्या चुनखडीच्या कड्यांवर ती पूर्वी राहत होती. 1980च्या दशकात तिथे एक परका साप पोचला, बहुधा जहाजातल्या मालाबरोबर. हा आपल्याकडच्या कवड्या सापाचा जवळचा भाऊबंद. पाली-सापसुरळ्या हेच त्याचे मुख्य खाद्य. त्यानंतर बेटावरचे मूळचे सरपटणारे प्राणी एकामागून एक दिसेनासे झाले. तिथली वनवासी सापसुरळी तर जगातूनच संपली. तिच्यातली शेवटची, ‘गम्प’ नावाची मादी 2014 मध्ये पिंजऱ्यात मेली. परक्या मुंग्या आणि मोठी गोमही संशयितांच्या यादीत आहेत. पण बहुतेक बोटे सापाकडेच वळतात, आणि ते पटण्यासारखे आहे. जिथे हा साप पूर्वीपासून आहे, त्या फिलिपिन्समध्ये किनाऱ्यावरची सापसुरळी अजून टिकून आहे. ख्रिसमस बेटावरच्या सापसुरळ्यांना मात्र अशा शिकाऱ्याची सवयच नव्हती.

जात म्हणून ती आज धोक्याबाहेर दिसते, कारण नकाशावरचा तिचा पसारा मोठा आहे. पण असा पसारा फसवा असतो: एक बेट रिकामे झाले तरी नकाशात फारसा फरक पडत नाही. शिवाय एकदा फैलावलेला साप अख्ख्या बेटावरून हटवणे किती कठीण, ते पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर दिसलेच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे शिरलेला तपकिरी वृक्षसर्प अजून तिथेच आहे. त्यामुळे असे साप न पोचलेल्या बेटांवर, धक्क्याला उतरणारा माल नीट तपासणे हाच त्यातल्या त्यात स्वस्त आणि शहाणा उपाय.