मांडीचा पट्टा

पावसाळ्याआधी माळा आवरताना जुनी पेटी उघडली आणि खोलीभर वास पसरला: दमट चामडं, गंज, खवट खोबरेल. माझा शाळेतला कॅलिपर. पट्ट्याला बुरशी आलेली, गुडघ्याचं लॉक मात्र शाबूत. "आई, भंगारात देऊ?" सूनबाईनं विचारलं. मी झाकण लावून टाकलं.

चौथीत आमची सहल पांडवलेण्यांना गेली. पायथ्याशी बाई म्हणाल्या, "तू इथेच बस हं, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळ." पोरं आरडाओरडा करत पायऱ्या चढली. मी पिशव्या रंगांनुसार लावल्या, मोडल्या, पुन्हा लावल्या. त्या अजून माझ्या हातातून सुटत नाहीत.

वर तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची थोरवी तिनं दगडात कोरून घेतली. माझ्या आईला असलं काही येत नव्हतं. ती दर रविवारी उन्हात बसून माझ्या पट्ट्याला खोबरेल चोळायची, मांडीला काचू नये म्हणून. एवढ्या निगुतीनं तिनं देवाची भांडीही घासली नसतील.

2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. शेवटचा रुग्ण 2011 सालचा, हावड्याची एक चिमुरडी. बातमी ऐकून मी देवापुढे साखर ठेवली. मग एकटीच बसून राहिले. आमच्या मागून आता आमच्यासारखं कुणी येणार नाही. हे भाग्यच, पण आपलं गोत्र आपल्यापाशी संपतंय, याचं काय करायचं?

मला राग येतो तो 'जिद्द' या कौतुकाचा. ते करून लोक मोकळे होतात, जिन्याला कठडा कुणी लावत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्या सुरगाण्याच्या दिलीप गावितनं हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत 400 मीटरचं सुवर्ण जिंकलं, भारताचं त्या स्पर्धेतलं शंभरावं पदक. शेजारीण हळहळली, "एक हात नाही हो त्याला!" मी त्याचे पाय बघत होते. काय पाय!

परवा बसथांब्यावर एक मुलगा भेटला. पायाला प्लास्टिकचा स्प्लिंट, त्यावर वाघाचं स्टिकर. त्यानं माझ्या बुटाकडे निरखून पाहिलं आणि सरकून मला जागा दिली. शाळेची सहल रामशेजला जाणार होती, पाठवावं की नाही, या विचारात त्याची आई होती.

"पाठवा," मी म्हटलं. "आणि बाईंना आधीच सांगून ठेवा, वेळ लागेल, पण हा वर जाणार आहे."